रकान्यातलं नाव

मक्केची उमराह यात्रा करून आल्यापासून लोक विचारतात, तिकडे काय अनुभव आला. काबा पहिल्यांदा दिसला तेव्हा डोळे कसे भरून आले ते मी सांगतो, आणि ते खोटं नाही. पण माझ्यावर खरी मेहेरबानी झाली ती निघण्याच्या आधी, संगमनेरच्या माझ्या घरात, आणि तेवढी माझी लायकी नव्हती. म्हणून ते सांगायला जीभ रेटत नाही. आज लिहून टाकतो.

मी सरकारी कचेरीत कारकून होतो. माझ्या हातचा अर्ज त्रुटी निघून कधी परत आला नाही, ही माझी मिजास. निवृत्तीनंतर गल्लीतल्या सगळ्यांचे ऑनलाइन फॉर्म मीच भरतो, आणि भरताना चार शब्द सुनावतोही. त्यामुळे आम्हा नवरा-बायकोच्या प्रवासाची तयारी मी कुणावर सोपवली नाही. व्हिसाचा अर्ज, लस घेतल्याचा दाखला, मदीनेच्या मशिदीत नमाजाची वेळ राखून ठेवायचं अ‍ॅप, रियाल भरलेलं कार्ड, परदेशात चालेल असा रिचार्ज, शिवाय सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स. वहीत यादी केली होती. काम झालं की पुढे बरोबरची खूण. बायको म्हणाली, "अल्लाच्या घरी निघालोय की ऑडिटला?" मी हसलो नाही.

त्या यादीत शेवटून दुसरं काम होतं, सर्वांची माफी मागणे. आमच्यात हजला किंवा उमराहला निघालेला माणूस घरोघर जातो आणि कळत-नकळत दुखावलं असेल तर माफ करा म्हणतो. अल्ला त्याच्याविरुद्ध केलेला गुन्हा माफ करतो, पण माणसाचं मन दुखावलं असेल तर ते त्या माणसानेच माफ करावं लागतं, असं आम्ही मानतो. मी एक छानसा मजकूर तयार केला, वर गुलाबाचं चित्र लावलं आणि फोनमधल्या सगळ्या नंबरांवर एका झटक्यात पाठवून दिला. भाईंच्या नावापुढे एकच टिक आली. म्हणजे निरोप त्यांना पोचलाच नव्हता. ते मला दिसलं होतं. तरी वहीत मी खूण केली.

भाई म्हणजे माझे थोरले भाऊ. राहायला पाथर्डीला. वडील लवकर गेले, तेव्हा भाईंनी शाळा सोडून जीपवर ड्रायव्हरकी धरली आणि मला शिकवलं. सहा वर्षांपूर्वी माझ्या मुलीच्या लग्नाची पत्रिका मीच फोनवर जुळवली, आणि निमंत्रकांत भाईंचं नाव घालायचं राहून गेलं. मुद्दाम केलं नव्हतं. पण मांडवात भाईंनी विचारलं, "माझं नाव कुठं हाय रं?" तेव्हा मी चारचौघांत म्हणालो, "राहिलं असेल. एका नावासाठी लग्न थांबवू का?" भाई न जेवता निघून गेले. पुढे ना त्यांचा फोन आला, ना मी केला. माझी चूक दुसऱ्याने दाखवलेली मला खपत नाही, हा माझा जुना रोग आहे.

निघायला चार दिवस उरले होते. दुपारी मी बॅगांचं वजन करत होतो, तेवढ्यात दारात भाई उभे. डोक्याला रुमाल, हातात रिकामी पिशवी, घामाने सदरा पाठीला चिकटलेला. नगरला गाडी बदलून उन्हातान्हात आले होते. सहा वर्षांत फार वाळले होते. आत येऊन त्यांनी आधी माझे दोन्ही खांदे चाचपले.

"बरा हायेस ना तू? काय झालं तुला?"

"मला काही नाही झालं. का?"

"काल एका बाईचा फोन आल्ता. म्हनली, भावाला काई झालं तर तुमालाच कळवायचं हाय. पुढचं मला ऐकूच आलं न्हाई, कान गेल्यात माझं. सकाळची पयली गाडी धरली."

मग माझ्या ध्यानात आलं. टूरवाल्यांच्या फॉर्मच्या शेवटच्या पानावर एक रकाना होता, आपत्कालीन संपर्क. फोनने तो आपोआप भरला होता, कुठल्या तरी जुन्या अर्जात मी कधीकाळी दिलेलं भाईंचं नाव आणि त्यांचा नंबर घालून. दुसऱ्यांचे फॉर्म तीनदा तपासणारा मी, स्वतःच्या फॉर्मचं शेवटचं पान न वाचताच पाठवून मोकळा झालो होतो. टूरच्या ऑफिसातल्या बाईंनी नंबर बरोबर आहे ना, एवढंच विचारायला फोन केला असणार. भाईंकडे आता साधा बटनांचा मोबाईल होता. म्हणून माझा गुलाबाचा निरोप पोचला नव्हता, आणि हा पोचला.

बायकोने जेवायला वाढलं. मी भाईंना समजावून सांगितलं, की आम्ही उमराहला निघालोय आणि तिकडे काही बरं-वाईट झालं तर कुणाला कळवायचं, त्याचं नाव द्यावं लागतं. भाईंचा घास हातातच राहिला.

"आन् तू माझं दिलंस?"

इथे मी खरं बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "मग दुसऱ्या कुणाचं देणार?" भाई खाली मान घालून जेवत राहिले.

मुक्कामाला थांबा म्हटलं तर ऐकेनात. स्टँडवर सोडायला गेलो. वाटेत यादीतलं ते माफीचं काम माझ्या शेजारून चालत होतं आणि मला जमत नव्हतं. शेवटी गाडी हलायला लागली तेव्हा खिडकीशी धावलो आणि म्हणालो, "भाई, मला माफ करा. पत्रिकेचं, त्या बोलण्याचं." इंजिनाचा आवाज मोठा, त्यात भाईंचे कान तसे. त्यांनी नुसता हात हलवला. ऐकू आलं की नाही, मला कळलं नाही. म्हटलं, परत आल्यावर पाथर्डीला जाऊन नीट बसून बोलू.

आम्ही मदीनेत असताना पुतण्याचा फोन आला. भाई सकाळची नमाज पढून जरा आडवे झाले, ते उठलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी मशिदीत माझी राखून ठेवलेली वेळ होती. अ‍ॅपवरचा कोड दाखवला, आत सोडलं, सगळं बिनचूक झालं. मागायच्या दुआंची यादीसुद्धा मी फोनमध्ये टाइप करून नेली होती. ती उघडली नाही. रडत रडत इतकंच म्हणालो, या अल्ला, माझं बोलणं त्यांना ऐकू गेलं की नाही, ते तुलाच ठाऊक. आता माझ्या हातात काही नाही, तूच पोचव. आयुष्यात पहिल्यांदाच मी एखादं काम पोच न मागता दुसऱ्याच्या हवाली केलं होतं.

परत आल्यावर आधी पाथर्डीला गेलो. कबरीपाशी उभा राहिलो, मग पुतण्याच्या घरी खजूर आणि मक्केच्या जमजम विहिरीचं पवित्र पाणी दिलं. तो म्हणाला, "चाचा, तुमच्याकडनं आल्यापास्नं अब्बा दिसंल त्याला सांगायचे. जीपवाल्यांना, चहावाल्याला, मशिदीत. म्हनायचे, धाकल्यानं पत्रिकेत न्हवतं घातलं, पर मक्केच्या कागदावर माझंच नाव घातलंय."

मी मान हलवली. ते नाव मी घातलं नव्हतं, हे त्याला सांगायचं धाडस झालं नाही.

फोनची ही आपोआप भरायची सोय मला ठाऊक आहे. गल्लीत ती मीच सगळ्यांना शिकवली. त्यामुळे हे फोननेच केलं असं कुणी म्हटलं तर मी वाद घालत नाही. पण जे नाव मी गाळलं, ते ज्याने जागेवर आणून ठेवलं त्याचे मी रोज आभार मानतो, आणि वाया घालवलेल्या सहा वर्षांबद्दल त्याच्याचपुढे मान खाली घालतो. लोकांचे फॉर्म अजून भरतो. हल्ली सुनावत नाही. माझा स्वतःचा एखादा अर्ज असला की फोन अजूनही त्या रकान्यात भाईंचं नाव आणून ठेवतो. तिथे दुसरं नाव घालावं लागतं, म्हणून मी ते पुसतो. फोनमधून मात्र काढून टाकलेलं नाही.