डावा गाल

विहिरीवर तोंड धुवायला मी वाकले आणि ओंजळीतलं पाणी गालाला लागताच मला गांधीलमाशी चावली. निदान मला तसंच वाटलं. डाव्या नाकपुडीच्या बाजूने काहीतरी सणकत निघालं आणि कानापर्यंत गेलं. मी ओरडून मागे सरले, तांब्या हातातून सुटून दगडावर आपटला. जाऊबाई धावत आल्या. आम्ही दोघींनी मिळून ती माशी शोधली, काठावरची भांडीसुद्धा उलटी करून पाहिली.

"कुठे चावली, दाखव बघू," त्या म्हणाल्या.

मी गाल पुढे केला. ना सूज होती, ना लाल ठिपका.

"उडून गेली असेल," असं म्हणून त्या कामाला लागल्या. मीही लागले. दुपारी केस विंचरताना फणीचं टोक गालाला जरासं लागलं आणि ती माशी पुन्हा चावली. या वेळी मी माजघरात होते आणि दारं-खिडक्या बंद होत्या.

स्वातंत्र्य मिळून दोनेक वर्षं झाली असतील तेव्हाची ही गोष्ट. माझी तिशी उलटली होती. माहेर नालासोपाऱ्याचं आणि सासर उमेळ्याचं. दोन्हीकडे वाड्या, केळी आणि पानवेली. घरात सासूबाई, थोरले दीर आणि जाऊबाई, आम्ही दोघं आणि आमची मुलगी. दीर वाडी बघायचे. हे शाळेत शिकवायचे आणि सुट्टीच्या दिवशी वाडीत जायचे. मी आणि जाऊबाई घरचं सगळं उरकून दुपारी ओटीवर विड्याची पानं निवडायला बसायचो. शेजारच्या दोघीतिघी मदतीला येत. हात पानांवर आणि तोंडं गप्पांत, असा तो कार्यक्रम असायचा.

आठवडाभरात मला एवढं कळलं की हे दुखणं सतत नसतं. येतं, क्षणभर जीव घेतं आणि जातं. मधल्या वेळात मी ठणठणीत. म्हणून कुणाला सांगायला जावं तर काय सांगायचं तेच कळेना. ताप नाही, सूज नाही. जोरात दाबलं तर दुखत नाही आणि वाऱ्याची झुळूक लागली तर प्राण कंठाशी. मी ह्यांना तसंच सांगितलं. ह्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दाढ असेल."

दाढच असणार, असं मलाही वाटलं. घास चावताना कळ यायची ती वरच्या दाढेजवळूनच निघाल्यासारखी. आम्ही टांग्याने वसईत दातांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी दाढेवर टकटक केलं, आरशाने आत पाहिलं. दाढ किडलेली दिसत नव्हती, पण मी बोट ठेवून तीच दाखवत होते. त्यांनी ती काढली.

आणि दुखणं थांबलं! दोन महिने काही नाही. मी पोटभर जेवले, थंड पाण्याने तोंड धुतलं, माहेरी जाऊन आले. मग एका सकाळी देवाला हात जोडून स्तोत्र म्हणताना 'म' या अक्षराशी ओठ मिटले आणि कळ आली. मी समईसमोर तशीच बसून राहिले. दाढ तर आता तोंडात नव्हती. मग दुखतंय ते काय?

डॉक्टर म्हणाले शेजारची असेल. तीही काढली. त्यानंतर थांबलं नाही.

पुढच्या काळात मी काय काय केलं ते आठवलं की माझं मलाच हसू येतं, पण तेव्हा हसायची सोय नव्हती, हसताना गाल हलायचा. कामणला एक वैद्य होते, त्यांनी नाकात सोडायला तेल दिलं. महिनाभर आराम पडला. घरात वैद्यांचा जयजयकार झाला. मग पुन्हा सुरू. सासूबाई देवीला नवस बोलल्या, त्यावर तीन आठवडे बरे गेले. पलीकडच्या वाडीतली माझी ख्रिस्ती मैत्रीण चर्चमध्ये माझ्या नावाने मेणबत्ती लावून आली. त्याच आठवड्यात कळा इतक्या वाढल्या की ती बिचारी मला तोंड दाखवायला लाजू लागली. मग तिने दुसरी मेणबत्ती लावली आणि दुखणं थांबलं. बहुतेक उपायांनी बरं वाटायचं आणि कुठल्याच उपायाने बरं होत नव्हतं. माझ्या आईला वाटे वैद्यांचं तेल अर्धवट सोडलं, सासूबाईंना वाटे नवस फेडायला उशीर केला. मला सगळ्यांचंच पटायचं.

सासूबाईंचा माझ्यावर जीव होता. एकदा मी भिंतीला टेकून डोळे मिटून बसले होते, तर त्या वाटीत तेल कोमट करून आल्या आणि न विचारता गालाला बोटं लावली. मी त्यांचा हात झटकला. वाटी लवंडली.

"माझा हातही नको झाला का गं?" त्या म्हणाल्या.

तसं नाही, एवढंच मला म्हणायचं होतं. पण त्या वेळी तोंड उघडणं शक्य नव्हतं. मी नुसती मान हलवली. त्यांनी त्याचा अर्थ काय घेतला कोण जाणे. तेल पुसून त्या आत गेल्या आणि संध्याकाळी माझ्यासाठी पेज केली. पण ती माझ्या हातात न देता समोर ठेवून गेल्या.

माझं बोलणं कमी होत गेलं ते असं. आधी दुखायचं तेव्हाच गप्प असायचे. मग दुखेल या भीतीने गप्प राहू लागले. ओटीवर पानं निवडताना बायका बोलायच्या आणि मी मान हलवायची. कुणी विनोद केला की पदर तोंडावर धरायची. तेव्हा घरात वेगळ्या चुलीची कुजबुज होती. ती कुणी सुरू केली हे मला माहीत नव्हतं, पण जाऊबाईंना वाटत होतं की मीच, आणि म्हणूनच मी तोंड शिवून बसले आहे.

एका हळदीकुंकवाला जायचं होतं. नथ घालायला घेतली आणि तिची तार नाकपुडीला लागली तशी डोळ्यांपुढे अंधारी आली. मी नथ परत डबीत ठेवली. बिननथीची ओटीवर आले तर जाऊबाई शेजारणीला म्हणाल्या, पण मला ऐकू जाईल अशा आवाजात, "आमच्याकडे हल्ली बोलायला मुहूर्त लागतो. आता नथही जड झाली. घर जड झालंय म्हणायचं!"

मला संताप आला. मी म्हणाले, "जाऊबाई, मला घर जड झालं नाही, मला—" आणि वाक्याच्या मध्येच कळ आली. मी दोन्ही हातांनी तोंड धरून खाली बसले.

"बरोब्बर वेळेवर येतं हो दुखणं," जाऊबाई म्हणाल्या.

त्या संध्याकाळी हे शाळेतून आले. त्यांच्या कानावर सगळं गेलं होतं. वाडीच्या कडेला पाट वाहत होता तिथे मी बसले होते. हे शेजारी येऊन बसले आणि हळूच विचारलं, "एक सांग. तुला दुखतंय की तू रागावली आहेस?"

मी उत्तर द्यायला गेले आणि गोंधळले. कारण त्या क्षणी दुखत नव्हतं. कालही फारसं दुखलं नव्हतं. तरी त्या अर्ध्या वाक्याखेरीज मी दोन दिवस कुणाशी बोलले नव्हते. मग ते दुखण्यामुळे की रागामुळे? रागावले असेन तर कशावर? वेगळी चूल मला हवी होती का? कधी मनात आलं होतं, हे खरं. मग माझ्या मनातलं गालातून बाहेर पडत होतं की काय? गांधीलमाशी, दाढ, देवी, राग. यातलं खरं काय ते जिचा गाल तिलाच ठाऊक नव्हतं.

"मला माहीत नाही," मी म्हणाले.

ह्यांनी उठून मला हात दिला. मग म्हणाले, "आपण मुंबईला जाऊ."

मुंबईच्या त्या इस्पितळात एक वयस्क डॉक्टर होते. त्यांनी माझे दात पाहिलेच नाहीत. कापसाची लहानशी वात केली आणि म्हणाले, "मी हळूहळू स्पर्श करतो. नको वाटलं की हात वर करा." कपाळ, हनुवटी, उजवा गाल, काही नाही. वात डाव्या नाकपुडीशेजारी येण्याआधीच माझा हात वर गेला. त्यांनी कापूस लगेच बाजूला ठेवला.

"हे शिरेचं दुखणं आहे," ते म्हणाले. "चेहऱ्याला संवेदना देणारी शीर असते, ती बिघडते. दातांत काही नव्हतं तुमच्या."

"पण दाढ काढल्यावर दोन महिने थांबलं होतं," मी म्हणाले.

"हे असंच असतं. येतं, आपलं आपण थांबतं, पुन्हा येतं. त्या वेळी तुम्ही काय केलं असेल त्याला श्रेय मिळतं."

मला खरं तर आनंद व्हायला हवा होता. दुखण्याला जागा मिळाली होती, ते खरं ठरलं होतं. पण मला एकदम त्या दोन दाढा आठवल्या आणि रडू आलं. रडताना गाल ओला झाला आणि कळ आली. ते पाहून ह्यांनीही तोंड फिरवलं.

उपाय होता तो सुईचा. गालातून आत शिरेपर्यंत सुई घालून तिथे स्पिरिटसारखं औषध सोडायचं, म्हणजे शीर बधिर होते. ते टोचताना काय झालं ते मी लिहीत नाही. पण नंतर मी उठून बसले, डॉक्टरांनी तीच कापसाची वात गालावरून फिरवली आणि मला काहीच लागलं नाही. मला वाटलं ते उगाच हवेत हात फिरवताहेत.

घरी आल्यावर ह्यांनी सगळ्यांना समजावून सांगितलं. जाऊबाई ऐकून जेवण वाढायला उठल्या. दुसऱ्या दिवशी पानं निवडताना, आम्ही दोघीच होतो तेव्हा, खाली बघत म्हणाल्या, "मला वाटलं तू मुद्दाम करतेस."

"मलाही कधीकधी तसंच वाटायचं," मी म्हणाले. त्यांनी चमकून माझ्याकडे पाहिलं. त्या दिवसापासून भाकरीचा मऊ भाग त्या माझ्या ताटात घालू लागल्या. आता त्याची गरज नव्हती, हे मी त्यांना सांगितलं नाही. वेगळ्या चुलीचं बोलणंही मागे पडलं.

दुखणं गेलं होतं. मी नथ घातली, गार पाण्याने तोंड धुतलं, गप्पा मारल्या. पण गाल माझा राहिला नव्हता. जेवताना शीत ओठावर चिकटलेलं कळायचं नाही, चहा त्या बाजूने ओघळायचा, गाल आतून चावला जायचा आणि तोंडात खारट चव आली की मग समजायचं. माझी मुलगी तेव्हा सातेक वर्षांची. मी बसले असताना ती मागून येऊन डाव्या गालाची पापी घ्यायची आणि विचारायची, "कळलं?" मला तिचे केस मानेला लागायचे त्यावरून कळायचं. मी हो म्हणायची. एकदा तिने केस वेणीत बांधले होते. ती आली कधी, पापी घेतली कधी, मला पत्ता नाही. समोर येऊन ती म्हणाली, "आई, तू खोटं सांगतेस ना रोज?"

मी तिला उजव्या बाजूला बसवून घेतलं. त्यानंतर ती नेहमी उजवीकडेच यायची.

सव्वा वर्षाने की काय, पाटावर कपडे धुताना समुद्राकडून वारा आला आणि तो मला डाव्या गालावर लागला. नुसता गार वारा. मी हातातलं धुणं टाकून उभी राहिले. मला एकदमच आनंदही झाला आणि भीतीही वाटली. महिन्याभरात मुंग्या येऊ लागल्या आणि मग कळा परतल्या.

आम्ही पुन्हा त्याच डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, आता दोन वाटा आहेत. पुन्हा सुई, ती साल-दीड साल टिकेल. नाहीतर मोठं ऑपरेशन करून शीर कापायची, म्हणजे दुखणं बहुधा कायमचं जाईल आणि गालही कायमचा बधिर राहील. "बाहेर बसून विचार करा," ते म्हणाले.

आम्ही बाकावर बसलो. हे म्हणाले, "कायमचं गेलेलं बरं नाही का?"

सरळ हिशेबाने तेच बरं होतं. त्या सुईची आठवण झाली तरी मला घाम फुटत होता. पण मी म्हणाले, "सुईच घेऊ."

"का?"

"सांगता येत नाही."

ह्यांनी मान डोलावली. त्यांनाही ते कळलं नसावं, पण त्यांनी पुन्हा विचारलं नाही. उठून आत गेले आणि डॉक्टरांना तसं सांगितलं.

अशा सुया मी पुढे कितीतरी वर्षं घेतल्या. कधी दुखणं, कधी बधिरपणा, आणि मधले थोडे दिवस माझा धड गाल. नंतर गोळ्या निघाल्या आणि सुया बंद झाल्या. गोळ्यांनी झोप येते, पण भागतं. माझ्या मुलीने अलीकडे एकदा विचारलं की तेव्हा ऑपरेशन का नाही करून घेतलंस. मी बराच विचार केला. वाऱ्याचं सांगावं असं वाटलं, मग वाटलं तेही पूर्ण खरं नाही. शेवटी मी तिला म्हटलं, चहा गार होतोय, घे.