परबांच्या कुकरातला शोध

आमच्या मुलुंडच्या घरात एकदा नवीन रसायनाचा शोध लागला, आणि त्यात सिंहाचा वाटा माझा होता.

माझी मुलगी केतकी तेव्हा वनस्पतिशास्त्रात एमएस्सी करत होती. गवती चहाच्या पानांतून तेल काढायचं आणि त्यात कोणती औषधी द्रव्यं आहेत ते तपासायचं, हा तिचा प्रकल्प. त्यासाठी गॅलरीतल्या पिंपांत तिने गवती चहाचं रान माजवलं होतं. मला सर्दी झाली तरी त्यातलं पान तोडायची सोय नव्हती (मी बाजारातून जुडी आणायचो, तीही लपवून). सबमिशन तोंडावर आलं आणि कॉलेजातलं तेल काढायचं काचेचं उपकरण फुटलं. पोर रडकुंडीला आली.

"कुकर आहे ना आपला," मी म्हटलं. "वाफ ती वाफ."

बायको कुडाळला माहेरी गेलेली, त्यामुळे स्वयंपाकघरात माझंच राज्य होतं. कुकरात पाणी, वर जाळीवर पानं, शिटीच्या जागी नळी, नळी बर्फाच्या बादलीतून थेट बाटलीत.

"बाबा, कुकर नीट घासलायस ना?"

"अगं, तोंड बघ त्यात."

तिने बघितलं. दिसलं. बाटलीत थेंब पडायला लागले आणि पाण्यावर पिवळसर तेल तरंगलं. मला उगाचच आपण शास्त्रज्ञ असल्यासारखं वाटायला लागलं.

पुढच्या आठवड्यात कॉलेजातून तिचा फोन आला. "बाबा, मशीनमध्ये भलतंच दिसतंय. गवती चहात नसतात अशी द्रव्यं आहेत. मॅडमपण चक्रावल्यात."

"म्हणजे नवीन शोध?"

"तसं नाही रे, आधी परत तपासून..."

पुढचं ऐकायला वेळ कुणाला होता? लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरचे कांबळे भेटले.

"कांबळे, आमच्या केतकीने नवीन रसायन शोधलं."

"झकास! नाव काय ठेवणार?"

"परबॉल," मी म्हटलं. (मेंथॉल असतं, तर परबॉल का नसावं?) संध्याकाळपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर फुलांचे गुच्छ पडले. एका आजींनी विचारलं, गुडघ्यावर चालेल का? मी म्हटलं, चालायला हरकत नाही.

दुसऱ्या दिवशी केतकी घरात शिरली ती चपलांसकट. तिने कुकरची रिंग काढून माझ्या नाकासमोर धरली.

"घे वास."

मी घेतला.

"मॅडम वेंगुर्ल्याच्या आहेत. त्यांनी बाटली हुंगली आणि विचारलं, घरी तिरफळं घालून बांगडा केला होतास का गं?"

केला होता. मीच, तेल काढायच्या आदल्या दिवशी. कढईपाशी कोण उभं राहणार, म्हणून सरळ कुकरात, मूठभर तिरफळं ठेचून. कुकर मी चकचकीत घासला. रिंगही घासायची असते हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तिरफळाचाही सुगंध तेलातच असतो म्हणे. तो रिंगेच्या रबरात मुरला आणि वाफेबरोबर बाटलीत उतरला.

"पिंपं बोडकी झालीयत, बाबा. आता पानं कुठून आणू?"

मला फार वाईट वाटलं. एवढ्यात बायकोचा कुडाळहून फोन आला. केतकीने तिला सगळं सांगितलं, पण तिच्या कानात एकच गोष्ट शिरली.

"कुकरात बांगडो? तुमका लाज नाय वाटूक?" विज्ञानाचं काय झालं, हे तिने विचारलंच नाही.

मॅडमनी मुदत वाढवून दिली. गवती चहा पुन्हा फुटला, नवा कुकर आला आणि तेल निघेपर्यंत मला स्वयंपाकघरात यायला बंदी झाली. या खेपेचं तेल एकदम शुद्ध निघालं. केतकी चांगल्या मार्कांनी पास झाली.

त्या तेलात परबॉलचा अंशही सापडला नाही. तो आता फक्त आमच्या सोसायटीत सापडतो. परवा मी गॅलरीत उभा असताना कांबळ्यांनी खालून हाक मारली, "ओ परबॉल, मासळी बाजारात येताय का?"

आणि मी ओ दिली.