वाफे बुडवणारी पुस्तकं

कादंबरी चांगली की वाईट हे ठरवायला शहाण्या लोकांकडे मासिकं असतात, परिसंवाद असतात, जाड काचांचे चष्मे असतात. आमच्या वसईच्या वाडीत केळी होत्या, आणि केळींचा निकाल आजवर एकदाही चुकलेला नाही.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. कॉलेज संपवून मी नोकरीची वाट पाहत होतो. बाबांच्या भाषेत सांगायचं तर घरी बसलो होतो. माझ्या भाषेत, वाडीला पाणी लावत होतो. विहिरीवरचं इंजिन एकदा ठोके द्यायला लागलं की पाणी पाटातून खळखळत यायचं. एक वाफा भरला की फावड्यानं पुढच्या वाफ्याचा बांध फोडायचा, मागच्या वाफ्याचं तोंड मातीनं बुजवायचं आणि पुन्हा वाट पाहायची. त्या वाट पाहण्यात बाबा केळीची सुकलेली पानं कापत. मी नारळाला पाठ लावून कादंबरी वाचायचो. आता पुस्तक बरं असलं तर वाफा थोडासा ओसंडायचा. चांगलं असलं तर दोन वाफे एक व्हायचे. आणि पुस्तक खरोखर थोर असलं तर मान वर करेपर्यंत वाफ्यात बेडकांनी अंडी घालून, पिल्लं वाढवून, त्यांची लग्नंही उरकलेली असत. यात माझा काय दोष? दोष लेखकाचा. इतकं चांगलं लिहायला त्याला सांगितलं कुणी?

अडचण एकच होती. आमच्या वाडीला लागून, हातभर सखल जागेत, थोरल्या काकांची पानवेल होती. पानवेल म्हणजे नाजूक प्रकरण. तिला पाणी रोज हवं, पण पायाशी साचलेलं खपत नाही, मुळं कुजतात. काका त्या वेलीशी जितक्या हळू आवाजात बोलत, तितक्या हळू आवाजात काकींशी बोलले असते तर गावाला त्यांच्या घरातली निम्मी गुपितं कळलीच नसती. एका सामाजिक कादंबरीच्या शेवटच्या प्रकरणात आमचं पाणी बांध ओलांडून त्या वेलीपर्यंत पोचलं. संध्याकाळी काका येऊन जे बोलले ते अर्नाळ्याच्या किल्ल्यावर ऐकू गेलं असणार.

ते गेल्यावर बाबा घरातल्या क्रुसापुढं उभे राहिले आणि म्हणाले, "या घरातलं पाणी परत एकदा दादाच्या वेलीत गेलं, तर वाचनालय बंद. या क्रुसापुढं सांगतोय."

आमच्याकडे क्रुसापुढं दिलेला शब्द मागं घेता येत नाही. माझ्या आजोबांनी तरुणपणी असाच एकदा मिशी न ठेवण्याचा शब्द दिला होता, तर म्हणे पुढं त्यांना मिशी फुटलीच नाही. वसई गावातलं ते वाचनालय म्हणजे माझा सगळा बाहेरचा देश होता. दर शनिवारी सायकल मारत जायचं, दोन पुस्तकं पिशवीत टाकून आणायची. ते बंद झालं असतं तर मला केळींशी बोलावं लागलं असतं, आणि घरात एक काका पुरेसे होते.

त्या दिवसापासून मी सावध वाचक झालो. आधी एक प्रेमकथा आणली. नायिका श्रीमंत, नायक गरीब, आणि दोघांनाही दिवसभर काही काम नाही. ती उठते, खिडकीशी जाते, चंद्राकडे बघते आणि बेशुद्ध पडते. पुढच्या प्रकरणात पुन्हा तेच, फक्त खिडकी वेगळी. अशी मुलगी आमच्या गावात असती तर तिला आधी जंताचं औषध दिलं असतं आणि मग मोगरा खुडायला पाठवलं असतं. पण पाणी लावायला पुस्तक उत्तम. ती बेशुद्ध पडली की मी उठून बांध फोडायचो; ती शुद्धीवर येईपर्यंत वाफा बरोबर भरलेला असायचा.

मग ऐतिहासिक. खाडीकाठचा किल्ला, आत कोंडलेला वीर, बाहेर शत्रूचा वेढा. वीर घोड्यासकट तटावरून खाडीत उडी घेतो आणि प्रकरण संपतं. मला ते फार आवडलं. सकाळी पाचूबंदरहून मासे घेऊन येणारी कोळीण आमच्या ओट्यावर टोपली उतरवून बसली होती, तिला मी हात हलवून हलवून ती उडी सांगितली.

ती म्हणाली, "भरती व्हती का सुकती?"

"ते लेखकानं लिहिलं नाही."

"न्हाय लिव्हला? मंग घोरा चिखलान रुतला असंल. पानी न्हाय तं उडी मारली कोनाच्या भरोशावर?"

वीराचं पुढं काय झालं हे तिनं कधी विचारलं नाही. पण दुसऱ्या दिवशी टोपली उतरवायच्या आधीच म्हणाली, "पोरा, घोरा निघाला का?" तिसऱ्या दिवशीही तेच. पुस्तकात घोडा परत आलाच नव्हता, लेखक त्याला विसरून गेला होता. शेवटी मी सांगितलं की वीराच्या प्रेयसीनं आपलं नऊवारी लुगडं सोडलं, एक टोक घोड्याच्या गळ्यात बांधलं आणि त्याला ओढून काढला. तिनं जरा विचार केला. "आनि ती घरी कशी गेली, लुगऱ्याबिगर?" असं विचारून तिनं आईला बोंबील मोजून द्यायला घेतले. तेव्हापासून माझं ठाम मत झालं आहे की ऐतिहासिक कादंबरीत तलवारी कमी असल्या तरी चालतील, पण घोड्याचा हिशेब लागलाच पाहिजे.

भुताची कादंबरी मात्र मी विनाकारण बदनाम करणार नाही. तिच्यात जुना बंगला होता, पांढरी साडी होती, आणि भूत नेमकं अशाच माणसाला दिसत होतं ज्याला सकाळी उठून कुठं जायचं नव्हतं. भर दुपारी वाचत होतो, आणि बंगल्याचं दार करकरलं त्याच क्षणी माझ्यामागं नारळाची सुकी झावळी धाडकन पडली. मी जो पळालो तो विरारच्या डोंगरावरच्या देवळाच्या पायऱ्या चढून अर्ध्या वाटेवर थांबलो. दोन वाफे तुडुंब भरले. पण त्याचं श्रेय झावळीला. प्रामाणिक वाचकानं हे सांगितलंच पाहिजे. कथासंग्रहांबद्दल तर मला काही तक्रारच नाही. एक कथा, एक वाफा. कथा लिहिणाऱ्यांच्या घरी केळी असणार अशी मला दाट शंका होती.

मग आली नव्या वळणाची कादंबरी. वाचनालयातल्या गृहस्थांनी ती मला दोन्ही हातांनी, आरतीचं ताट द्यावं तशी दिली. नायक खाटेवर पडून छताच्या पंख्याकडे बघतो. पंखा बंद आहे. दोनशे पानांनंतरही बंदच आहे. मधे एकदा नायकाला वाटतं उठून बटण दाबावं, पण दाबून काय होणार, असं त्याला वाटतं. मी इमानेइतबारे वाचत राहिलो आणि दर अर्ध्या पानाला उठून पाणी बघून आलो. त्या आठवड्यात वाडीला जसं पाणी बसलं तसं आमच्या घराण्यात कुणी बसवलं नव्हतं. बाबा वाफ्यावाफ्यातून फिरले, माती बोटांनी दाबून पाहिली, आणि म्हणाले, "कोण आहे हा लेखक? मोठा माणूस असणार. असलीच पुस्तकं आणत जा."

मला तसंच करायला हवं होतं. पण पुढच्या शनिवारी मी खुनाची कादंबरी आणली.

तिच्याबद्दल वाईट बोलायला मला शोधूनही काही सापडलं नाही. एक जमीनदार, त्याच्या मृत्युपत्रावर डोळा ठेवून बसलेला पुतण्या, जास्तच गोड बोलणारा डॉक्टर, आणि कुणाच्या लक्षात न येणारा नोकर. पहिल्याच दिवशी एक वाफा फुटला. पाणी काकांच्या बांधाशी पोचलं होतं, मी आडवा पडून थोपवलं. बाबांनी हे लांबून पाहिलं. ते आले, माझ्या हातातून पुस्तक घेतलं, उलटसुलट केलं, आणि म्हणाले, "यात असं आहे तरी काय? मी तपासतो."

दुसऱ्या दिवशी पाण्याची पाळी त्यांनी स्वतःकडे घेतली आणि मला केळीचे घड घेऊन बाजारात धाडलं. दुपारी परतलो तर काकांचा आवाज मला रस्त्यावरच भेटला. वाडीत समुद्र झाला होता. पाचूबंदरची होडी सहज आली असती. काका पानवेलीत पोटरीभर पाण्यात उभे होते, आणि बाबा माझ्याच नारळाला, माझ्याच जागी, पाठ लावून बसले होते.

"अरे, माझी वेल बुडाली!" काका ओरडले.

बाबांनी पुस्तकातून डोळे न काढता एक हात वर केला. "दादा, जरा थांब. नोकराला विषाची बाटली सापडलीय."

"घाल तुझ्या नोकराला खड्ड्यात!"

"खड्ड्यातच सापडलीय," बाबा म्हणाले.

मग आम्ही तिघांनी चर खणून पाणी वाडीमागच्या बावखलात, म्हणजे आमच्या डबक्यावजा तळ्यात सोडलं. वेल वाचली, पण काका आमच्या ओट्यावर यायचे बंद झाले. संध्याकाळी बाबा क्रुसापुढं गेले. मला वाटलं, स्वतःच्या हातून झालंय, काहीतरी वाट काढतील. पण माणूस शब्दाचा. "वाचनालय बंद," ते म्हणाले. उरलेली पानं तरी वाचू द्या म्हणून मी विनवलं, तर म्हणाले, "मीही वाचणार नाही." सकाळी मी ते पुस्तक परत केलं आणि नाव काढून आलो. परतताना सायकल इतकी जड झाली होती की जणू मागं बसून जमीनदाराचं प्रेतच घरी आणत होतो.

पुढचे दिवस फार वाईट गेले. मी खताच्या गोणीवरच्या सूचना वाचल्या. खारी बिस्किटं बांधून आलेल्या कागदावरची अर्धी बातमी वाचली आणि उरलेली मनानं पुरी केली. बाबांची दशा माझ्याहून वाईट होती, कारण मला न वाचण्याची नाही तरी वाट पाहण्याची सवय होती. जेवताना ते घास हातात धरून थांबत.

"पुतण्याच असणार."

"डॉक्टर, बाबा. बाटली डॉक्टरची."

"डॉक्टर स्वतःची बाटली पुरेल कशाला?"

"तुम्ही दोघं," आई म्हणाली, "माझ्या कालवणाचा खून करताय. ते बघा आधी."

त्या शनिवारी आई मोगऱ्याच्या कळ्या घेऊन वसईच्या बाजारात गेली, ती नेहमीपेक्षा उशिरा आली. भाजीच्या खालून तिनं एक पुस्तक काढलं आणि टेबलावर ठेवलं. तिनं वाचनालयात स्वतःचं नाव घातलं होतं.

बाबा क्रुसाकडे बघू लागले.

"तिकडे काय बघता? शब्द तुम्ही दिलात. मी नाही दिला. आणि मी पाणी लावत नाही," आई म्हणाली. "पुस्तक या उंबऱ्याबाहेर जायचं नाही. संध्याकाळी माळेची प्रार्थना झाली की यानं मोठ्यानं वाचायचं, मी कळ्या बांधीन. ज्याला ऐकायचं त्यानं प्रार्थनेला वेळेवर यायचं."

खुनाचं पुस्तक कुणीतरी नेलं होतं. आईनं आणलेली होती घरगुती कादंबरी, आणि तेव्हा कळलं की घरात खरा टीकाकार कोण आहे. चौथ्या पानावर तिनं मला थांबवलं. "ही बाई सकाळपासून रडतेय. भात कुणी घातला?" पुढं नायकानं घर सोडलं. "जाताना चपला घातल्या का? नाही ना? मग येईल परत." तो सातव्या प्रकरणात परत आला. मी वर्षभर वाचून जे शिकलो नव्हतो ते ती कळ्या मोजता मोजता सांगून मोकळी व्हायची.

मधल्या काळात बाबांची प्रार्थना वेगवान होत गेली. शेवटी शेवटी तर 'नमो मरिये' सुरू होतंय तोच 'आमेन' येऊन धडकायचं. आणि एका संध्याकाळी प्रार्थनेच्या वेळी काका दारात उभे राहिले. वेल बुडाल्या दिवसापासून त्यांनी आमचा ओटा ओलांडला नव्हता.

"आमच्याकडे आज कुणी नाही," ते कुणाकडेच न बघता म्हणाले. "म्हटलं, माळ इथंच म्हणू."

आईनं खुर्ची पुढं सरकवली. वाचनालयातून खुनाचं पुस्तक आदल्या दिवशीच आलं आहे, हे तिनं सकाळी काकींना विहिरीवर सांगितलं होतं.

प्रार्थना संपली. मी पहिल्यापासून वाचायला घेतलं, कारण काकांना नोकर कोण हे ठाऊक नव्हतं. संध्याकाळीमागून संध्याकाळ गेली. काका रोज येत होते. अखेर बाटली निघाली, पोलीस आले, सगळ्यांना दिवाणखान्यात बोलावलं गेलं, आणि इन्स्पेक्टरनं बोट उचललं. बाबा पुढं वाकले. काका पुढं वाकले. आईनं माझ्या हातातून पुस्तक काढून घेतलं आणि पदराखाली ठेवलं.

"अगं, बोट कुणाकडे?" बाबा ओरडले.

"आज तुम्ही दोघा भावांनी घाईघाईत माळेचं एक दशक, अख्खे दहा 'नमो मरिये' गाळलेत. मी मोजत होते. आधी ते म्हणा. सावकाश."

काकांचे गुडघे दुखायचे. कित्येक वर्षं ते चर्चमध्येसुद्धा बाकावर बसूनच प्रार्थना करत. ते आमच्या सगळ्यांच्या आधी गुडघ्यावर आले.