न्हाणीच्या राखेतलं रताळं

"माती," गोकुळदासांनी वाटी पुढे सारली. "तू खावन बघ. निव्वळ माती."

देवकीने त्याच वाटीतली खिचडी चाखली. छान झाली होती. तेच तिला सोसवेना.

मोठं दुखणं औषधांनी गेलं, पण नवऱ्याच्या तोंडाची चव घेऊन गेलं. आता हाताची कातडी हाडावरून घसरायची. डॉक्टरांनी सांगितलं होतं, तेल कमी, तिखट नको, भाज्या मऊ भाजून द्या. आणि सोमवारपर्यंत पोटात काही गेलं नाही तर दाखल करून नाकातून नळी. आज रविवार.

"नळी मी घालून घेवचंय नाय."

"मगे खावा."

"माती खांव?"

सून सेजल एअर फ्रायरमधली ताटली घेऊन आली. गाजर, ब्रोकोली, वर पाकिटातला रोझमेरीचा सुका पाला. "बाबा, मोबाइलवर बघून केलंय. फक्त थेंबभर तेल."

गोकुळदासांनी हुंगलं. "सुक्या गवताचो वास. बैलाक घाल."

"बैल खंय आसा आता आपल्याकडे?"

"मीच उरलंय मा."

सेजल ताटली घेऊन आत गेली आणि बराच वेळ नळ वाहत राहिला.

कोरगावच्या या घरात देवकी लग्न होऊन आली, तेव्हा गोकुळदास पेडणे-म्हापसा बस चालवायचे. शेवटची फेरी संपवून आलेल्या माणसाला ती नारळाची कढी गरम करून वाढायची. नुस्तं, म्हणजे मासळी, नसेल त्या दिवशी भाजीच्या कढीत मासळीच्या कढीतलं तिरफळ टाकायची. वासानेच बांगडा असल्यासारखं वाटायचं. ते भुरके मारत म्हणायचे, "फसयतंस, पण बरां फसयतंस."

ती उठली आणि न्हाणीत गेली. गीझर आल्यापासून आंघोळीच्या पाण्याची चूल थंडच होती. चुलीवरची साबणाची बादली तिने बाजूला केली, नारळाची सोडणं रचली, सुक्या झावळ्यांची चुडतं पेटवली.

"आई, गीझर बिघडला काय?"

"नाय."

"मग?"

"नवी नवरी होतंय तेव्हा ह्या चुलीच्या राखेत मी रताळी पुरून ठेवी. ते न्हाताना चोरून खायत. सासूबाय म्हणी, झील न्हाणयेत इतको वेळ काय करता."

तिने रताळ्याला चीर दिली. आत ओव्याचं पान आणि ठेचलेली तिरफळं भरली.

"डॉक्टर तिखट नको म्हणालेत," सेजल म्हणाली.

"तिखट नको म्हणालो तो. तिरफळ नको म्हणालो नाय."

हळदीच्या पानात गुंडाळून, वर केळीचं पान बांधून तिने ते निखाऱ्यांच्या राखेत पुरलं. धुराने डोळे भरून आले. बरं झालं, वेगळं रडावं लागलं नाही.

रताळं ताटात आल्यावर गोकुळदासांनी पान उलगडलं. "पानातले गोड पातोळे?"

"नाय. खावा."

त्यांनी एक तुकडा तोंडात टाकला. दाताखाली काहीतरी कुरकुरलं, आणि देवकीला आठवलं. तिरफळं काढायची राहिली होती. ती फक्त वासाला, चावायची नसतात; चावली तर जीभ चुरचुरते. जेवताना प्रत्येक जण ती ताटाच्या कडेला काढतो. गोकुळदासांची जीभ तर अंधारातसुद्धा ती वेगळी करायची. आज त्या जिभेला कळलंच नाही. ते चावत राहिले, चिंध्या चावाव्यात तसे.

"थुका," ती कशीबशी म्हणाली. "थुका तां. काढूक इसारलंय मी."

जबडा थांबला. तोंड वाकडं झालं, हात ओठांवर गेला. सेजल पाणी घेऊन धावली. त्यांनी पेला दूर केला.

"झिणझिणता."

"माझां चुकलां ओ..."

"गप. झिणझिणता गो. हय, जिभेच्या शेंड्यार."

देवकी पुढे वाकली. "चव लागली?"

त्यांनी जीभ टाळूवर घासून पाहिली.

"चव नाय. पण जीभ आसा."

मग त्यांनी आणखी एक तुकडा खाल्ला. आणखी एक. अर्ध्यावर मान मागे टाकली. "आता नको. थकलंय."

"एवढं पुरेल काय आई, उद्या डॉक्टरांना?" सेजलने हळूच विचारलं.

न्हाणीत जाऊन देवकीने दुसरं रताळं चिरलं, आत मूठभर तिरफळं दाबली. ही काढायची नव्हती. निखारे विझत आले होते. ती गुडघ्यांवर बसली आणि चुलीत तोंड घालून फुंकू लागली.