गाडी थंड होईपर्यंत
करपलेल्या इंजिन ऑइलचा वास आला, की मला चौसाळ्याची ती दुपार आठवते. वडील नोकरीला होते तो सहकारी साखर कारखाना दुष्काळाने बंद पडला होता आणि ते गेल्यावर महिनाभराने तिथलं त्यांचं सामान आणायला मी त्यांचीच जुनी गाडी काढली होती. डिकीत त्यांनी ठेवलेला पाण्याचा कॅन होता. टंचाईत पाणी वाया कशाला घालवायचं, म्हणून निघताना तो मी दारातल्या लिंबाला ओतला. चौसाळ्याजवळ इंजिनाच्या तापमानाचा काटा लालवर गेला, बोनेटमधून वाफा निघाल्या. गाडी ओळखून रस्त्याकडेच्या गॅरेजातले म्हातारे मिस्त्री पुढे आले. ऑइलची पट्टी काढून त्यांनी तेल बोटांत चोळलं. “एवढं पातळ तेल कावून टाकलं? हिला जाडच लागतंय. तुमचे वडील तेल-पानी बघितल्याबिगर निघत न्हवते.” स्वतःच्या माठातलं पाणी त्यांनी कळशीत काढून बाजूला ठेवलं. “आधी थंड होऊ द्या. तेबी इथंच बसायचे, लई बोलायचे.” घरी वडील दिवसदिवस बोलत नसत. “काय बोलायचे?” मी विचारलं. “तुमचंच की,” म्हणत ते रेडिएटरकडे वळले. आताच्या माझ्या गाडीचा काटा कधी हलत नाही. तरी उन्हाळ्यात एकटा निघालो, की मी कुठेतरी सावलीला थांबतो, बोनेट उघडतो आणि ती थंड व्हायची वाट बघत बसतो.