शुक्रवारी लावलेली कॉपी

माझ्या धाकट्या बहिणीचा, अविवाचा, नवरा बिन्यामिन आष्टमकर, तिचा बेनी, हा किर्यात मलाखीत आम्हा मराठी ज्यू लोकांचा कॉम्प्युटरवाला. मुंबईत रेडिओ उघडून बसायचा, इथे येऊन कारखान्यात वायरिंग केलं, आणि पन्नाशीत कॉम्प्युटर शिकला. माणूस सरळ, पण नियमाचा पक्का. सिनेगॉगची, आमच्या प्रार्थनाघराची, व्यवस्था त्याच्याकडे होती, आणि शब्बाथ म्हणजे शब्बाथ. शुक्रवारी दिवस मावळला की शनिवारी अंधार पडेपर्यंत घरात दिव्याचं बटणसुद्धा कोणी दाबायचं नाही. एकदा एक पाहुणा शब्बाथला गाडी घेऊन जेवायला आला, तर याने त्याला दारातूनच परत पाठवला. मी म्हटलं, "अरे, दोन घास तरी खाऊ द्यायचे होतेस." तर म्हणतो, "रिव्काताई, चालत आला असता तर चार दिले असते." असला खवट.

अविवा गेली त्याला वर्ष होत आलं होतं. तिचा आवाज उरला होता तो फक्त घरातल्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये. लेक ताली सैन्यात जायच्या आधी तिने माइक आणून आईला गायला बसवलं होतं. मलिद्याच्या विधीला आम्ही बायका मराठीत म्हणतो ती गाणी. दुसरीकडे कुठे म्हणून ती नव्हती. साऱ्या गावाच्या डिस्कची कॉपी करून देणारा हा शहाणा, घरची तेवढी करायची राहिली. त्या कॉम्प्युटरचं नाव काढलं की उठून बाहेर जायचा. मी काय म्हणणार? मलाही तिच्या साड्यांना हात लावता येत नव्हता.

मग डिस्क टकटक वाजायला लागली. रविवारी अविवाच्या वर्षाचा मलिदा, तिथे तिचंच गाणं लावायचं ठरलेलं. शुक्रवारी सकाळी बिन्यामिनने नवी डिस्क शेजारी जोडली आणि कॉपी लावली. "जुनीतलं सगळं जसंच्या तसं नवीत उतरतं," त्याने मला सांगितलं. "जेवणापर्यंत होईल."

कसलं होतंय! जुनी डिस्क रखडत रखडत चालली होती आणि तापतही होती. ताली बेर्शेबाहून आली, माझा भात झाला, मासळी झाली, तरी पडद्यावरची पट्टी अर्ध्यातच. मी म्हटलं, "बंद कर आता, रविवारी सकाळी बघ."

"ही एकदा बंद पडली तर पुन्हा उठायची नाही. आधीपासून चालू आहे ते चालू राहिलं तर त्यात शब्बाथ मोडत नाही."

तालीने शब्बाथच्या मेणबत्त्या लावल्या. तो सिनेगॉगमध्ये जाऊन आला, आम्ही टेबलाशी उभे राहिलो, तेवढ्यात पट्टी थांबली. पडद्यावर मजकूर आला: इथलं वाचता येत नाही, सोडून पुढे जायचं असेल तर बटण दाबा. डिस्क मात्र त्याच जागेवर टकटक, टकटक.

"किती वेळ टिकेल अशी?" मी विचारलं.

"उद्यापर्यंत नाही."

ताली हिब्रूत म्हणाली, "आबा, मी दाबते. मी कुठे हे सगळं पाळते?"

"या घरात नाही."

"मग आई जाईल," ती म्हणाली. हे मराठीत म्हणाली. एरवी ही पोर मराठीत हूं की चूं करत नाही.

बिन्यामिन टेबलापासून वळला. मग कॉम्प्युटरपाशी गेला आणि त्याने स्वतः बटण दाबलं. पट्टी पुढे सरकली. परत येऊन त्याने द्राक्षरसाचा पेला उचलला आणि नेहमीच्याच सुरात प्रार्थना म्हटली. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, आला एकदाचा माणसात.

शनिवारी संध्याकाळी शब्बाथ उतरला. कॉपी पुरी झाली होती, आणि जुनी डिस्क गप्प पडली होती. त्याने नवी कॉम्प्युटरमध्ये बसवली, गाणं शोधून काढलं, आम्हा दोघींना खुर्च्या दिल्या आणि चपला घालायला लागला.

"कुठे निघालास?"

"तुम्ही ऐका. कोणी शब्बाथ मोडून काही केलं, तर शब्बाथ उतरल्यावर इतरांना त्याचा लाभ घेता येतो. ज्याने जाणूनबुजून मोडला, त्याला नाही. कधीच नाही."

माझं डोकंच फिरलं. "अरे, बायको आहे ती तुझी! कोण बघायला बसलंय इथे? आणि दाबताना ठाऊक होतं तुला हे?"

"होतं," तो म्हणाला आणि जिना उतरून गेला.

तालीने गाणं लावलं. गायच्या आधी अविवा खाकरली आणि म्हणाली, "बेनीला हाक मार गं, त्यालाही ऐकू दे." तालीने तोंडावर हात धरला. मला रडूही येत होतं आणि त्या माणसाचा रागही आला होता. मी उठून खिडकी सताड उघडली आणि आवाज होईल तेवढा मोठा केला. खाली बाकावर तो बसला होता. त्याने वर पाहिलं, उठला, आणि आवाज पोचणार नाही इतका लांब चालत गेला.