एअरगनमधली हवा कुठे जाते

रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं तेव्हा आमच्या बूढापाऱ्यात, शहराच्या त्या जुन्या वस्तीत, भाड्याच्या खोल्यांना एकदम मागणी आली. भोपाळहून बदलून आलेले कर्मचारी दारोदार विचारत फिरायचे. आमची मागची खोली वापरात नव्हती, पण सामानानं गच्च भरलेली होती. भाडेकरू ठेवायचा ठरल्यावर सासूबाई आणि मी ती उपसायला घेतली. माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. मी नाशिकची, सासूबाई मूळच्या अमरावतीच्या, पण लग्नानंतर सगळं आयुष्य रायपुरात गेलेलं. त्या मोजकंच बोलायच्या आणि मी त्यांना जरा बिचकून असायचे.

जुन्या गाद्यांमागून सतरंजीत गुंडाळलेलं एक लांब गाठोडं निघालं. सोडलं तर आत छऱ्यांची एअरगन.

"ही मामंजींची?" मी विचारलं. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली होती.

"नाही. माही आहे," सासूबाई म्हणाल्या आणि पदरानं नळी पुसायला लागल्या. "कॉलेजात एनसीसीत होती ना मी. नेमबाजीत नंबर येत होता. लग्नात बाबानं दिली."

लग्नात मुलीला एअरगन! मला इतके प्रश्न पडले की एकही नीट विचारता आला नाही.

त्याच संध्याकाळी आम्ही गच्चीवर गेलो. भिंतीला वाळूचं पोतं टेकवलं, त्यावर मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा लावला. सासूबाईंनी नळी मधोमध मोडल्यासारखी खाली वाकवली. आत स्प्रिंग दबल्याचा करकर आवाज झाला. छर्रा घातला, नळी सरळ केली, श्वास धरला. ठप्प. छर्रा पुठ्ठ्याला लागला आणि भाजीत टाकलेल्या वाटाण्यासारखा खाली पडला. पुठ्ठ्याला पोचासुद्धा नाही.

"हवा कुठंतरी जाऊन राहिली," त्या म्हणाल्या.

मी शंकर नगरात एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढायचे. इमारत उभी कापली तर आत काय दिसेल, ते काढणं हे माझं रोजचं काम. बंदूक उभी कापली तर? मी विचारलं आणि सासूबाईंनी दाणे निवडता निवडता सांगितलं. नळीच्या मागे एक जाड नळकांडं असतं. त्यात दट्ट्या, दट्ट्यामागे स्प्रिंग. घोडा दाबला की स्प्रिंग दट्ट्याला पुढे ढकलते, समोरची हवा दाबली जाते आणि तीच छऱ्याला बाहेर फेकते. म्हणजे हवा हरवायला जागा दोनच: नळी जिथे मोडते तो सांधा, नाहीतर दट्ट्याच्या तोंडावरचा चामड्याचा वायसर.

सांधा तपासणं सोपं होतं. मी पतंगाच्या कागदाची पट्टी सांध्यावर ठेवली आणि सासूबाईंनी पोत्यात छर्रा मारला. पट्टी उडून तुळशीच्या कुंडीत पडली. आम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसलो. त्या घरात आम्ही असं पहिल्यांदाच हसलो असू.

सांध्यातली कडी दबून चपटी झाली होती. हार्डवेअरच्या दुकानातून त्या मापाची रबरी कडी आणली, ती जरा खोल बसत होती म्हणून खाली कागदाची चकती घातली. आता पट्टी जागची हलेना. छर्रा मात्र पुठ्ठ्यात अर्धाच रुतायचा. म्हणजे दुसरी जागाही गळत होती.

एवढ्यात माझे यजमान रेल्वेच्या ड्यूटीवरून परतले. ते रायपुरातच वाढलेले, आईशीही अर्धं हिंदीतच बोलायचे. "अरे, सूख गया होगा आई, तेल डालो," म्हणत त्यांनी आम्हाला कळायच्या आत शिलाई मशीनचं तेल नळकांड्याच्या तोंडाशी हवा बाहेर यायचं भोक असतं त्यातून भरपूर आत सोडलं. मग स्वतःच बार काढला. फटाक्यासारखा आवाज झाला, नळीतून निळसर धूर निघाला आणि छर्रा पुठ्ठ्यातून आरपार गेला.

"देखा?" यजमान खूश.

"ठेव खाली," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा असा आवाज मी ऐकला नव्हता. "आत जळलं ते. चामडं गेलं असंल आता."

दाबलेली हवा इतकी तापते की तेल पेट घेतं, हे मला तेव्हा कळलं. सासूबाईंचंही खरं ठरलं. आणखी तीन-चार बार कसेबसे निघाले, मग छर्रा नळीतून बाहेरच येईना.

यजमान म्हणाले, ब्राह्मणपाऱ्यातल्या कुणा मिस्त्रीला दाखवू. सासूबाई म्हणाल्या, "काहून? आपण उघडू." त्यांनीही ती आजवर कधी उघडली नव्हती. स्प्रिंग आत दाबूनच बसवलेली असते आणि पिन काढताच ती तोंडावर येते, एवढं मात्र त्यांना पक्कं माहीत होतं.

मागच्या खोलीत सुतार फळ्या ठोकत होता. त्याच्याकडे फळ्या आवळून धरायचा मोठा शिकंजा मागितला. "हव, ले जाओ दीदी," म्हणाला. लाकडी दस्ता सोडवून आम्ही नळकांडं शिकंज्यात आवळलं. मी पिन ठोकून काढली. सासूबाई शिकंजा थोडा थोडा सैल करत गेल्या आणि आम्ही दोघी बाजूला मान वळवून, डोळे किलकिले करून बघत होतो. स्प्रिंग सरपटत बाहेर आली. मागून दट्ट्या ओढला. त्याच्या तोंडावर वाटीच्या आकाराचं चामडं होतं, एका बाजूला कोळशासारखं काळं. बोट लावलं तर कड गळून पडली.

असा वायसर मिळणार कुठे? मी तो हातात फिरवत राहिले आणि एकदम लक्षात आलं, सायकलच्या पंपातही दट्ट्याच असतो. हवा त्यालाही अडवायचीच असते. सायकलच्या दुकानात गेले तर तशीच वाटी, जराशी मोठी. दुकानदारानं विचारलं, कोणता पंप आहे? "सासूबाईंचा," म्हणून मी दोन वायसर घेतले.

रात्रभर ते एरंडेलात भिजवले, सकाळी कोरडे पुसले आणि काचकागदानं घासून मापाचे केले. पहिला मी बसवला. नळकांड्याला बाजूनं एक लांब खाच असते, दट्ट्या मागे ओढण्यासाठी. तिच्या धारदार कडेवर वायसर अडकला आणि मी जोर लावल्यावर टर्रकन फाटला. मला रडू यायचंच बाकी होतं.

"दुसरा आणलास ना? मग काय झालं," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी आधी खाचेची कड काचकागदानं बोथट केली. मग चमच्याच्या दांड्यानं वायसरची किनार आत दाबत, गोल फिरवत, दट्ट्या पुढे सरकवला. सगळं पुन्हा जोडेपर्यंत दुपार टळली.

पहिल्या बाराला चामड्यात मुरलेल्या एरंडेलाचा थोडा धूर आला, दुसऱ्यालाही. मग आवाज हळूहळू बसका आणि एकसारखा झाला. सासूबाईंनी मारलेले छर्रे पुठ्ठ्यात एका टिकलीएवढ्या जागेत आरपार गेले. त्यांनी चष्मा वर केला, पुठ्ठा उन्हात धरून पाहिला आणि माझ्या हातात दिला.

तेव्हा मी विचारलं, "एवढं येत होतं तर बंद काहून केलं?" 'काहून' माझ्या तोंडून कसं निघालं, कुणास ठाऊक.

माझ्या मनात मोठी गोष्ट होती. कुणीतरी मना केलं असेल, भांडण झालं असेल. त्या म्हणाल्या, "गच्चीचा रस्ता माह्या सासूबाईंच्या खोलीतून होता. दुपारी त्या झोपत. संध्याकाळी स्वैपाक. मग राहूनच गेलं."

मग त्यांनी बंदूक माझ्याकडे दिली. मी ती छातीशी घट्ट आवळली. छर्रा पुठ्ठ्याच्या वर, पोत्याच्या शिवणीत.

"सैल धर. हातावर नुसती ठेव."

"सैल धरली तर हलेल ना?"

"हलू दे. घट्ट धरली की भटकते. काहून, ते मले बी नाही ठाऊक."

मी सैल धरली. छर्रा पुठ्ठ्याच्या कोपऱ्यात लागला. पुढचा त्याहून आत. मी बंदूक खाली ठेवली आणि सासूबाईंकडे पेन्सिल मागितली. छर्रा नळीत असतानाच आत दट्ट्या धावत असणार, त्याचा झटका बंदुकीला बसत असणार, आणि घट्ट धरलं की हात तो वाकडा वळवत असणार. मी पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूवर नळकांडं, स्प्रिंग, दट्ट्या काढत गेले आणि त्या शेजारी बसून बोटानं दाखवत राहिल्या, स्प्रिंग याहून लांब काढ, अजून लांब.